रळियातबेनच्या जागी

"रळियातबेन प्रागजीभाई कंसारा," असा पुकारा झाला आणि प्रागजीभाई बाकावरून उठून उभे राहिले.

शेजारच्या दोन बायांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. दारात उभी असलेली आया नूरीबेन त्यांना चांगली ओळखत होती. तिने आधी त्यांच्या मागे पाहिलं, मग पाण्याच्या कूलरकडे.

"बा कुठं राहिल्या? पाणी प्यायला गेल्या ना पुन्हा? तपासणीआधी प्यायचं नाही म्हणून दर वेळी घसा फोडून सांगते मी."

"पाणी प्यायली नाही ती," प्रागजीभाई म्हणाले.

"मग हाक मारा त्यांना लवकर. डॉक्टरबेन थांबल्यात."

हाक न मारता ते एकटेच आत गेले. खोलीत नेहमीसारखा अंधुक उजेड होता आणि एसीचा गारवा. डॉ. ऋत्वी वासवडा दाराकडे पाठ करून मशीनवर नाव टाइप करत बसल्या होत्या. वय तिशीच्या आसपास, केस घाईघाईने बांधलेले. चपलांचा आवाज ऐकून त्या मागे न बघताच म्हणाल्या,

"या बा, झोपा. आज काय म्हणतंय तुमचं कच्छचं रण?"

मग त्या वळल्या.

"काका? बा कुठं आहेत?"

"ती भादरव्यात गेली," प्रागजीभाई म्हणाले. "न्यूमोनिया झाला. दोन-चार दिवसांत आटोपलं सगळं."

भाद्रपद जाऊन आता माघ सुरू होता. डॉक्टरांचा हात कीबोर्डवरच राहिला. पडद्यावर रळियातबेनचं अर्धं नाव उमटलेलं होतं. पुढची अक्षरं टाकावीत की आधीची पुसावीत हे त्यांना कळत नव्हतं.

"तो मेसेज आपोआप जातो, काका. आम्हाला माहीतच नव्हतं. माफ करा."

"तिच्या फोनवर आला. फोन मी चार्ज करून ठेवतो."

आपण इथं का आलो हे डॉक्टरांनी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. मंगळवारी सकाळी या, तासभर आधी काही खाऊ-पिऊ नका, असा मेसेज होता. तो वाचून त्यांनी सकाळचा चहा घेतला नाही. सून जागृतीने ठेवलेला कप ती आत वळल्यावर मोरीत ओतला, टोपी घातली आणि 'जरा जाऊन येतो' म्हणून निघाले. कुठे, असं घरात कुणी विचारलं नाही. हल्ली कुणी विचारत नसे. विचारलं तरी उत्तर ठरलेलं असायचं, "इथंच."

रळियातबेन गेल्या त्या दिवसापासून प्रागजीभाईंना काही झालं नव्हतं. बेसण्याच्या, म्हणजे शोकसभेच्या दिवशी पांढऱ्या कपड्यांतली माणसं रांगेने येऊन त्यांचे हात हातात घेत होती, तेव्हा ते त्यांना गाडी वेळेवर मिळाली का, उन्हाचा त्रास झाला का, असं विचारत होते. काही जण म्हणाले, धीराचा माणूस. काही जण बाहेर पडल्यावर दुसरंही बोलले असतील. रडू येईल म्हणून त्यांनी बरेच दिवस वाट पाहिली. मग वाट पाहणं सुटलं. मुलगा विपुल कारखान्यातल्या गोष्टी सांगायचा, पितळेचा भाव, कोणता कारागीर सोडून गेला, आणि ते मान हलवायचे. आयुष्यभर त्यांनी पितळेचे नळ आणि कॉक बनवले होते. तो कारखाना आता दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा वाटायचा. ताटात पडेल ते जेवायचे. जागृतीने कसं झालंय विचारलं तर 'सरस' म्हणायचे. शेवटी तिने विचारणं सोडलं.

"काका, बसा तरी," डॉक्टर म्हणाल्या. "नूरीबेनला पाणी आणायला सांगते."

"नको. मग तपासता येणार नाही."

बोलून गेल्यावर त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं. डॉक्टरही त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"सकाळपासून काही घेतलं नाही तुम्ही?"

"घ्यायचं नसतं ना."

पलंगाच्या पायाशी ते गोल स्टूल होतं, दर वेळी ते ज्यावर बसायचे ते. रळियातबेन पलंगावर आडव्या होऊन डॉक्टरांशी गप्पा मारायच्या. त्यांचा आजार सुरू झाला तेव्हा आधी कुणाला तो आजार वाटलाच नव्हता. सुकी कचोरी घशाखाली उतरेना, डोळ्यांत रेती गेल्यासारखं व्हायचं, अर्ध्या रात्री पाण्यासाठी उठायच्या. मग एका मोठ्या डॉक्टरने सांगितलं, शरीराची फौज आपल्याच माणसांवर उलटलीय, लाळेच्या आणि आसवांच्या ग्रंथी मारतेय. खात्रीसाठी ओठाच्या आतला तुकडा काढून तपासू म्हणाला. तेव्हा रळियातबेन पदर खोचून उभ्याच राहिल्या होत्या.

"ओठाला कात्री लावाल तर मी बोलू कशी? आणि मी बोलले नाही तर ह्यांचा दिवस जाईल कसा?"

डॉ. वासवडांचं संशोधन तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. कापाकापी नाही, सुई नाही, वरून नुसतं मशीन फिरवून ग्रंथीत रक्त कसं खेळतं आणि ग्रंथी काम किती करते ते पाहायचं. हे ऐकल्यावर रळियातबेन लगेच तयार झाल्या.

"नुसतं बघणार? मग हरकत नाही. पन्नास वर्षांनी पुन्हा मला कुणीतरी बघायला येतंय."

पहिल्या दिवशी त्या जरीकाठी साडी नेसून आल्या होत्या. नूरीबेन हसून हसून भिंतीला टेकली होती.

"ही वेळ आता कुणाची?" प्रागजीभाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"तिला दिलेली ही वेळ. तिच्या जागी कोण येणार?"

"कुणीच नाही, काका."

"मग मशीन रिकामं राहणार."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"खरं सांगू का, आम्हाला निरोगी माणसंसुद्धा लागतात. बांच्याच वयाची. धडधाकट ग्रंथी कशी चालते ते समोर नसेल तर आजारी ग्रंथीत नेमकं काय बिघडलं ते ठरवता येत नाही. कॉलेजातली पोरं हवी तेवढी मिळतात. पण तुमच्या वयाचं कुणी येत नाही, आले तर कुणाला मधुमेह, कुणाच्या गालात मावा. पण आज तुम्हाला हे विचारणं म्हणजे..."

"विचारलंच की तुम्ही," प्रागजीभाई म्हणाले आणि डोक्यावरची टोपी काढून स्टुलावर ठेवली.

डॉक्टर त्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि सगळं समजावून सांगितलं, जणू ते पहिल्यांदाच इथं आले होते. नको वाटलं तर कधीही उठून जायचं, असंही सांगितलं. सही घेतली. साखर आहे का, विडी, तंबाखू, गोळ्या कसल्या चालू आहेत, एकेक विचारत गेल्या. ते नाही-नाही म्हणत गेले.

"जेवताना तोंड कोरडं पडतं?"

प्रागजीभाईंनी विचार केला.

"माहीत नाही."

"पाणी पिऊन घास उतरवावा लागतो का?"

"जेवतो मी. पण कळत नाही."

डॉक्टरांनी त्यावर काही लिहिलं नाही. "झोपा," एवढंच म्हणाल्या.

पलंगावर आडवं झाल्यावर वर छत दिसलं. एसीच्या वरच्या कोपऱ्यात ओल आली होती, कडेने पिवळी झालेली. इतक्या वेळा या खोलीत येऊन त्यांनी ती कधी पाहिली नव्हती. रळियातबेनने दर वेळी पाहिली असणार. कानाखाली गार जेल लागलं आणि त्यांनी मान आखडली.

"गार आहे ना? बा दर वेळी मला शिव्या द्यायच्या," डॉक्टर म्हणाल्या आणि पडदा त्यांना दिसेल असा वळवला. "ही तुमची ग्रंथी. कानाच्या खाली, जबड्याच्या मागे असते ही."

पडद्यावर करडा पट्टा होता. बारीक रव्यासारखा, सगळीकडे एकसारखा. रळियातबेनचा असा नव्हता. त्यात काळी काळी भोकं होती, लहान-मोठी. "ही तर चाळणी आहे की," त्या स्वतःच म्हणाल्या होत्या. प्रागजीभाई हा करडा पट्टा परक्याच्या घरात डोकावावं तसं बघत होते.

डॉक्टरांनी एक बटण दाबलं. पट्ट्यावर एक चौकट आली आणि तिच्यात लाल-निळे एक-दोन ठिपके लुकलुकायला लागले. मशीनमधून आवाज आला, हुश्श, हुश्श, बारीक आणि संथ.

"हे काय?"

"तुमचं रक्त. आता स्वस्थ बसलंय. लिंबाचा रस जिभेवर सोडते, मी सांगेपर्यंत गिळायचं नाही."

हे त्यांना पाठ होतं. रळियातबेनच्या जिभेवर रस पडला की त्या डोळे बारीक करून म्हणायच्या, "तुम्ही म्हणता आंबट, तर असेल बाई आंबट." पडद्यावर काही व्हायचं नाही. डॉक्टर मशीन धरून थांबायच्या, खूप वेळ थांबायच्या, मग म्हणायच्या, "झालं, बा." प्रागजीभाईंना वाटायचं, तपासणी असते ती एवढीच.

रसाचे थेंब जिभेवर पडले. का कोण जाणे, त्यांनी दात घट्ट आवळले. काही होऊ नये असं त्यांना वाटलं. इतके महिने काही झालं नव्हतं, आता इथं, या पलंगावर, तर मुळीच होऊ नये.

कानाखाली कुणीतरी आतून दोरी ओढावी तशी कळ आली. आवाज बदलला, भराभर, जोरात, मुख्य कॉक उघडल्यावर पाइपात पाणी धावावं तसा. चौकटीत एका जागी लाल फुटलं, त्याला लागून निळं, मग फांद्या फुटाव्यात तसं सगळीकडे पसरत गेलं. त्यांचं तोंड पाण्याने भरलं. ओठाच्या कोपऱ्यातून ते बाहेर आलं आणि हनुवटीवरून गळ्याकडे ओघळलं.

"थांबा," ते म्हणाले.

डॉक्टरांनी ताबडतोब हात उचलला. पडद्यावरचा रंग जागच्या जागी गोठला.

"दुखलं का, काका?"

त्यांनी नाही अशी मान हलवली. डॉक्टरांनी पुढे केलेला कागदी रुमाल त्यांनी घेतला नाही. उठून बसले. हनुवटी ओली तशीच होती.

"हे असं होतं?"

"हो. सगळ्यांचं असंच होतं."

"तिचं झालं नाही."

"नाही."

"एकदाही?"

"पहिल्या वेळी उजव्या बाजूला थोडंसं झालं होतं. नंतर नाही."

प्रागजीभाई पडद्याकडे बघत होते.

"पण ती सुधारत होती. शेवटच्या वर्षात म्हणायची, आता चव कळायला लागली. औषध लागू पडलं म्हणायची."

डॉक्टरांनी मशीनचा दांडा पुसला. तो आधीच पुसलेला होता.

"बांना सगळं माहीत होतं, काका. त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. तेव्हा म्हणाल्या, ह्यांना सांगू नकोस. माझं तोंड सुकलं ते सुकलं, ह्यांचं कशाला सुकवायचं."

प्रागजीभाईंनी मांडीवरचे हात उलटे केले आणि तळव्यांकडे पाहत राहिले. चव गेल्यावर बरीच वर्षं रळियातबेन दुपारी दाळ उकळली की चमचाभर घेऊन त्यांच्यापुढे यायच्या. "चाखा. माझी जीभ आता तुमच्या तोंडात." ते मीठ सांगायचे, गूळ सांगायचे, आणि त्या तेवढं घालायच्या. शेवटच्या वर्षी त्यांनी चमचा आणणं बंद केलं. मला कळतं आता, म्हणाल्या. त्यानंतर दाळीत कधी मीठ फार व्हायचं, कधी नसायचंच. एकदा गूळ दोनदा पडला होता. ताट पुढे करून त्या समोर बसायच्या, तोंडाकडे बघत, आणि ते वाटी संपवून म्हणायचे, "बराबर." बरं वाटतंय तिला तर मोडता कशाला घालायचा, असं त्यांच्या मनात असायचं. तिला फसवत होते ते. आणि समोर बसून तीही तेच करत होती.

एसीचा आवाज येत होता. बाहेर नूरीबेन कुणाला तरी बूट काढायला सांगत होती.

"डावी बाजू राहिली ना?" त्यांनी विचारलं.

"राहू दे, काका. एवढं पुरे."

"अर्धं काम कशाला?" ते म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले.

या खेपेला त्यांनी दात आवळले नाहीत. रस पडला, दोरी ओढली गेली, आवाज वाढला. लाल-निळं चौकटभर पसरलं.

"लाल चांगलं आणि निळं वाईट, असं असतं का?"

"नाही. एक येणारं, एक जाणारं. आता गिळा."

त्यांनी गिळलं. आंबट होतं. घशातून खाली जाईपर्यंत ते आंबट होतं. रंग हळूहळू विरळ होत गेले, आवाज पुन्हा संथ झाला, आणि शेवटचा ठिपका उरेपर्यंत त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही.

"अगदी उत्तम आहे, काका," डॉक्टर म्हणाल्या. मग आपण हे काय बोललो असं वाटून त्या ओशाळल्या आणि दिवा लावायला उठल्या.

प्रागजीभाईंनी टोपी घातली. दारापाशी थांबले.

"पुन्हा लागलो तर सांगा. फोन चालू असतो."

"तुमचा नंबर देता?"

त्यांनी जरा विचार केला आणि स्वतःचा नंबर सांगितला. सांगताना शेवटचे आकडे चुकले, पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

बाहेर बाकाच्या टोकाला जागृती बसली होती. मांडीवर स्कूटरची किल्ली, चेहरा उन्हाने तापलेला. त्यांना पाहताच ती धडपडून उठली आणि सवयीने पदर डोक्यावर ओढला.

"बापुजी? तुम्ही इथं कसे?"

"मला शोधत आलीस?" त्यांनी विचारलं.

"मी नाही शोधायला आले," ती म्हणाली. "मला काय माहीत तुम्ही इथं असाल." तिने किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "काल दवाखान्यातून फोन आला होता मला. बांनी माझा नंबरही दिला होता ना. म्हणाले, रळियातबेनना उद्या पाठवाल ना? मी म्हटलं, हो. येतील."

"हो म्हणालीस?"

"तोंडातून दुसरं निघालंच नाही, बापुजी. ठेवला फोन. मग रात्रभर तेच. म्हटलं, समोर जाऊनच सांगावं, उगाच वेळ अडकून राहील त्यांची. आले तर दारातून आत पाऊल टाकवेना. बसलेय कधीची." ती हसायला गेली, ते जमलं नाही. "ह्यांना नका हं सांगू. म्हणतील, बाई वेडी झाली."

प्रागजीभाई बाकावर बसले. थोड्या वेळाने तीही बसली. लग्न होऊन आल्यापासून ती सासऱ्यांसमोर कधी एका बाकावर बसली नव्हती. नूरीबेनने दारातून पुढचं नाव पुकारलं. एक बाई पिशवी सावरत आत गेली आणि दार लागलं.

"तू काही खाल्लंस?" त्यांनी विचारलं.

जागृतीने चमकून पाहिलं.

"नाही."

"मी पण नाही. मला भूक लागलीय."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली, चेहऱ्याकडे, मग कानाखाली. दिवाळीला पायांना हात लावण्यापलीकडे तिने त्यांना कधी स्पर्श केला नव्हता. पण आता तिने डोक्यावरचा पदर खाली घेतला, त्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि त्यांच्या कानाखालचं जेल पुसलं.

"इथं राहिलं होतं," ती म्हणाली.

प्रागजीभाईंनी मान वळवून दुसरी बाजू तिच्यापुढे केली.